लॉगरहेड : एका कासवाचे नाव आणि एका शिवीचा प्रवास

व्याख्यानमालेच्या फळ्यावर आमच्या विषयाचे नाव वाचून एका परिचित वकिलांनी आम्हांस वाटेतच गाठले. "आज कासवावर बोलणार, की भांडणावर?" असा त्यांचा प्रश्न. वकिलाचा प्रश्न बहुधा साक्षीदारास अडकविण्यासाठीच असतो. पण या खेपेस तो अगदी रास्त होता. इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासही 'ॲट लॉगरहेड्स' हा वाक्प्रचार नवा नाही. दोन मंत्र्यांचे बिनसले, दोन राष्ट्रांचा तंटा विकोपास गेला, की हे शब्द मथळ्यात यावयाचेच. आपण अशा ठिकाणी छत्तीसाचा आकडा म्हणतो. ३६ या आकड्यातले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. आपले भांडण असे पाठमोरे, रुसव्याचे. इंग्रजांचे समोरासमोरचे, डोक्यास डोके भिडविलेले. आणि हेच नाव एका प्रचंड समुद्रकासवाचेही आहे. तेव्हा आम्ही वकिलसाहेबांस सांगितले, की आधी शिवीवर बोलू, मग भांडणावर, आणि मग कासवावर. कारण इतिहासाचा क्रमही साधारण तसाच आहे.

होय, मुळात ही शिवीच. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकाची १५९८ साली छापलेली प्रत उपलब्ध आहे, आणि तीत एक पात्र दुसऱ्यास लॉगरहेड म्हणून हिणविते. 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये धनी आपल्या अडाणी नोकरांस याच विशेषणाने झोडपतो. पण या शब्दाची खरी गंमत 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये आहे. लग्नघरात धांदल चालली आहे, चुलीसाठी ओंडके हवे आहेत. एक गडी म्हणतो की ओंडके शोधण्यापुरते डोके मला आहे, आणि यजमान त्याला हसत हसत लॉगरहेड ही पदवी बहाल करतो. लॉग म्हणजे ओंडका, हेड म्हणजे डोके. जीवघेण्या शोकांतिकेच्या उंबरठ्यावर केलेली ही कोटी त्या काळच्या पिटातल्या प्रेक्षकास समजावून सांगावी लागत नसे. आपल्याकडे शाळेत 'ठोकळा' किंवा 'ठोंब्या' म्हटले म्हणजे जे कळते, तेच त्यांस कळे.

पण लॉग आणि हेड यांच्यामध्ये 'गर' कोठून आला? कोशकार म्हणतात, की इंग्लंडच्या ग्रामीण बोलींत 'लॉगर' असा एक शब्द होता. चरावयास सोडलेल्या घोड्याने फार दूर जाऊ नये म्हणून त्याच्या पायास जो जड लाकडी ठोकळा बांधीत, तो लॉगर. हा शब्द छापील पुस्तकांत बराच उशिरा सापडतो, तरी बोलीत तो जुना असावा असे त्यांचे अनुमान आहे. आम्हांस हे वाचताना आनंद झाला, कारण आपल्या शेतकऱ्यास ही वस्तू परकी नाही. ओढाळ गुराच्या गळ्यात आपण अडकवितो ते लोढणे, ते हेच. त्यांनी ते पायास बांधले, आपण गळ्यात बांधले, एवढाच फरक. आपले लोढणे पुढे संसाराचे, कर्जाचे, नको असलेल्या जबाबदारीचे झाले. त्यांचे लोढणे मनुष्याच्या डोक्यात शिरले.

या शिवीने इंग्लंडातल्या खाणावळी आणि मद्यगृहेही व्यापली. दोन मूर्खांचे चेहरे पाटीवर रंगवावयाचे आणि खाली लिहावयाचे, 'आम्ही तिघे लॉगरहेड'. वाटसरू थांबून पाटी वाचतो, दोनच चेहरे मोजतो आणि तिसरा कोण म्हणून शोधू लागतो. तिसरा अर्थात तोच. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील विदूषक अशाच एका चित्राचा उल्लेख करतो, त्यावरून हा विनोद तेव्हाही जुना होता हे दिसते. वेल्समध्ये मोल्ड गावाजवळ आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये अशा पाट्यांवरून वस्त्यांनाच लॉगरहेड्स हे नाव पडले. मोल्डजवळची पाटी रिचर्ड विल्सन या नामांकित निसर्गचित्रकाराने रंगविली अशी परंपरा आहे. तो १७८२ साली त्याच परिसरात वारला, एवढे निश्चित. पाटीबद्दल आम्ही परंपरेवर भार टाकतो.

आता भांडणाकडे वळू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉगरहेड या शब्दाला एक नवाच अर्थ चिकटलेला आढळतो. लांब दांडा आणि टोकास लोखंडाचा गोळा, असे ते एक हत्यार. गोळा विस्तवात लाल करावयाचा आणि जहाजाच्या फळ्यांच्या सांधी बुजविण्याचे डांबर त्याने वितळवावयाचे. उघड्या आगीवर डांबराचे भांडे ठेवण्यापेक्षा ही रीत कमी धोक्याची. जड डोक्याच्या मनुष्यास जे नाव, तेच जड डोक्याच्या लोखंडास मिळाले. पुढे अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत हे हत्यार गुत्त्यांत शिरले. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात लोक 'फ्लिप' नावाचे पेय पीत : बीअर, तीत काकवी किंवा साखर, वर थोडी रम. चुलीतला लालभडक गोळा त्यात बुडविला की चर्र आवाज होऊन फेस उसळे आणि जळक्या साखरेचा किंचित कडवट स्वाद उतरे. अठराव्या शतकातल्या गुत्त्याच्या चुलीजवळ हा लॉगरहेड टांगलेला असावयाचाच.

यावरून एक सुरस कथा प्रचलित झाली आहे. पिऊन तर्र झालेली गिऱ्हाइके भांडू लागली, की हेच लोखंड उचलून एकमेकांच्या टाळक्यात घालीत, म्हणून भांडणास 'ॲट लॉगरहेड्स' म्हणू लागले, अशी ती कथा. कथा सांगणारास टाळ्या मिळतात, यात शंका नाही. पण हातघाईवर येणे या अर्थाचा हा वाक्प्रचार इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच छापला गेलेला आहे. अमेरिकेतले फ्लिप पिणारे गुत्ते त्यानंतर भरभराटीस आले. हत्याराचा आणि भांडणाचा संबंध असेलही. मोठे कोशकार तो संभव मान्य करतात, पण पुरावा नाही असेही स्पष्ट सांगतात. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर दोन ओंडक्या डोक्यांची टक्कर एवढे चित्र या वाक्प्रचारास पुरेसे आहे; त्यासाठी दारूच्या गुत्त्यात जाण्याचे कारण नाही.

हा शब्द दर्यावर आणखी एका ठिकाणी रोवला गेला, आणि तोही अक्षरशः. देवमाशाच्या शिकारीस जाणाऱ्या होडीच्या मागल्या टोकास एक आखूड, गोल डोक्याचा लाकडी खुंट असे. त्याचे नाव लॉगरहेड. भाला लागलेला देवमासा पळू लागला की दोर सुसाट सुटे. त्याचा वेढा या खुंटास दिलेला असे, म्हणजे घर्षणाने वेग आवरता येई. दोर इतका तापे की त्यावर पाणी ओतावे लागे. हर्मन मेलव्हिलने 'मोबी डिक' या १८५१ सालच्या कादंबरीत दोरावर एक आख्खे प्रकरण लिहिले आहे, त्यात हा खुंट भेटतो.

पक्ष्यांचीही सुटका झाली नाही. उत्तर अमेरिकेतील एका खाटीक पक्ष्यास मोठ्या डोक्यामुळे लॉगरहेड श्राइक म्हणतात. भक्ष्य काट्यावर टांगणाऱ्या या कुळास लिनीअसने लॅटिनमध्ये नाव दिले तेही खाटीक याच अर्थाचे. मराठीने त्याला न विचारता तेच नाव ठेवले आहे. फॉकलंड बेटांवरील एका जाड्या, उडता न येणाऱ्या बदकाचा उल्लेखही डार्विन याच विशेषणाने करतो.

येथवर आलेल्या श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. माणूस असो, लोखंड असो, खुंट असो, बदक असो, डोके मोठे दिसले की हे नाव चिकटविण्यास इंग्रजास काही वाटत नसे. कासवाची पाळी त्यामानाने लवकरच आली. रिचर्ड लिगन नावाचा एक गृहस्थ १६४७ साली बार्बाडोस बेटावर गेला, तीन वर्षे राहिला, आणि परत आल्यावर कर्जापायी तुरुंगात पडला. तुरुंगात त्याने त्या बेटाचा वृत्तांत लिहिला, तो १६५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात समुद्रकासवांच्या तीन जाती सांगितल्या आहेत : लॉगरहेड, हॉक्सबिल आणि ग्रीन टर्टल, आणि यांपैकी शेवटचे आरोग्यास व जिभेस सर्वांत उत्तम, असा निवाडाही दिला आहे.

या निवाड्यातच सारे मर्म आहे. त्या काळच्या खलाशास कासव म्हणजे चालते कोठार. जिवंत पकडून डेकवर उताणे ठेवले, की ते आठवडेच्या आठवडे टिके आणि ताजे मांस मिळे. ग्रीन टर्टलच्या चरबीचा हिरवा रंग पुढे लंडनच्या मेजवान्यांतील सूपात फार मानला गेला. हॉक्सबिलचे मांस तितके नव्हे, पण पाठीच्या खवल्यांचे कंगवे, डब्या आणि चष्म्यांच्या चौकटी होत. लॉगरहेडपाशी यांपैकी काही नव्हते. दर्यावर्दी विल्यम डँपिअर १६९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात सांगतो, की इतर कासवांपेक्षा डोके फार मोठे म्हणून याला लॉगरहेड म्हणतात; मांस उग्र, अगदी नाइलाज झाल्याखेरीज कोणी खात नाही. हा डँपिअर मोठा बारकाईचा निरीक्षक, वाऱ्यांवर आणि प्रवाहांवर त्याने लिहिलेले आजही विद्वान आदराने वाचतात. परंतु हे कासव खडकांवरचे शेवाळ खाते असे तो सांगून जातो, आणि तेथे तो साफ चुकला आहे. ज्याचा आपणांस उपयोग नाही त्याच्या तोंडात काय जाते हे कोण पाहतो?

पाहणारा भेटला तो अर्ध्या शतकाच्या आत. मार्क केट्सबी या निसर्गअभ्यासकाने कॅरोलायना, फ्लॉरिडा आणि बहामा बेटे यांवरील आपला भव्य ग्रंथ १७३१ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याने लिहिले, की सर्व कासवांत हे सर्वांत धीट आणि खादाड. मांसास मागणी नाही म्हणूनच याची संख्या इतरांहून अधिक. आणि मोठमोठे शंख हे आपल्या जबड्याने फोडते. म्हणजे डोके ओंडक्यासारखे का, याचे उत्तर मिळाले. ते डोके बुद्धीच्या अभावामुळे नव्हे, जबड्याच्या स्नायूंमुळे मोठे आहे. शंख, शिंपले, खेकडे यांची कवचे दळण्याचे ते जाते आहे. शिवाय समुद्रकासवास आपले डोके पाठीखाली ओढून घेता येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कूर्म आपली अंगे सर्व बाजूंनी आवरून घेतो आणि स्थितप्रज्ञाचा दृष्टान्त ठरतो. तो आपला नदी-तळ्याचा कूर्म. सागरातल्याने ती सोय गमावली, आणि मोठे डोके कायमचे जगापुढे उघडे राहिले.

केट्सबीने आणखी एक गोष्ट नोंदली. अझोर्स आणि बहामा या दोन बेटसमूहांच्या साधारण मध्यावर, भर अटलांटिकात, पाण्यावर झोपलेले एक लॉगरहेड त्याच्या जहाजातील लोकांनी मारले. किनाऱ्यापासून इतक्या दूर हे कासव काय करीत होते, हे त्या वेळी कोणास सांगता आले नाही. उत्तर मिळावयास अडीचशे वर्षे लागली. फ्लॉरिडाच्या वाळूत फुटलेली, मुठीत मावणारी पिले सरळ गल्फ स्ट्रीममध्ये शिरतात आणि अटलांटिकाच्या त्या अफाट चक्राकार प्रवाहाबरोबर अझोर्स, मदीरा असा फेरा घेत कित्येक वर्षांनी मोठी होऊन अमेरिकेच्या किनाऱ्यास परततात. वाटेत आई नाही, मार्गदर्शक नाही. आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने पिले पोसते. समुद्रातली कासवी अंडी पुरून जाते, ती पिलांचे तोंडही पाहत नाही. मग त्यांस वाट कोण दाखवितो? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील केनेथ लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीभोवती तारांची वेटोळी बसवून कृत्रिम चुंबकीय क्षेत्र तयार केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, ज्या पिलांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता ती, फ्लॉरिडाजवळच्या क्षेत्रात पूर्वेच्या अंगाने, पोर्तुगालजवळच्या क्षेत्रात दक्षिणेकडे, आणि चक्राच्या दक्षिण टोकाच्या क्षेत्रात पश्चिमेच्या अंगाने पोहू लागली. प्रत्येक वेळी हीच दिशा प्रवाहात टिकून राहण्याची. महासागराचा नकाशा जन्मतःच डोक्यात घेऊन येणाऱ्या या प्राण्यास आपण ओंडका म्हणतो.

शास्त्रीय नावाने तरी न्याय केला असेल असे वाटावे. लिनीअसने १७५८ साली या जातीस 'कॅरेटा' नाव दिले. ते आले स्पॅनिश 'कॅरे' व फ्रेंच 'कारे' या शब्दांवरून, आणि ते शब्द आहेत हॉक्सबिलचे! एक नाव शिवीचे, दुसरे शेजाऱ्याचे.

नावाच्या या गोंधळाची एक लाट आपल्या किनाऱ्यापर्यंतही आली आहे. भारत आणि सिलोनच्या समुद्राविषयी इंग्रजी अमदानीत जे लिहिले गेले, त्यात लॉगरहेडचे उल्लेख वारंवार येतात. वस्तुतः आपल्याकडे वाळूत अंडी घालावयास येणारे ते लहानसर, राखी-हिरवट कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. ते लॉगरहेडचाच एक प्रकार म्हणून गणले गेले होते. ओळख फारशी अवघड नाही : पाठीच्या दोन्ही अंगांस जी मोठी खवले असतात, त्यांच्या लॉगरहेडमध्ये पाच जोड्या, रिडलेमध्ये सहा किंवा अधिक. पण मोजून पाहावयास हवे ना! सिलोनमधील देरणियगल यांनी १९३० नंतरच्या दशकात ही दोन कुळे काटेकोरपणे वेगळी दाखविली, तरी जुन्या याद्यांतले चुकीचे नाव पुढे कित्येक वर्षे नकलले जात होते. खऱ्या लॉगरहेडचे आपल्या जवळचे मोठे घर म्हणजे अरबी समुद्रापलीकडे ओमानचे मसीरा बेट; भारताच्या मुख्य किनाऱ्यावर ते अंडी घालीत असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. ज्यांस आपण लॉगरहेड समजत होतो, त्या रिडलेंचा ओरिसातील गहिरमाथ्याचा प्रचंड मेळा शास्त्रज्ञांच्या नजरेस आला तो १९७४ च्या सुमारास. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत त्यांची घरटी राखण्याचे काम सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह हाती घेतले ते २००२ साली.

आता वकिलसाहेबांचा प्रश्न पुन्हा घेऊ, कारण कासव आणि भांडण अखेरीस एकत्र आलेच. कोळंबीच्या ट्रॉलरची जाळी समुद्रतळ खरवडत जातात. त्यात सापडलेल्या कासवास श्वासासाठी वर येता येत नाही, आणि ते बुडून मरते. अमेरिकेत १९७८ साली लॉगरहेडला कायद्याचे संरक्षण मिळाले. तरी १९९० च्या एका सरकारमान्य अहवालात अंदाज आहे की त्या देशाच्या पाण्यात कोळंबीच्या जाळ्यांनी वर्षास पाच हजार ते पन्नास हजार लॉगरहेड मरत असावीत. उपाय निघाला तो साधाच : जाळ्याच्या गळ्यात तिरके गज बसवावयाचे; कोळंबी गजांतून आत जाते, कासव गजास अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. १९८७ मध्ये याची सक्ती जाहीर झाली. कोळंबीवाले खवळले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. कर्जाने घेतलेली होडी आणि झडपेतून निसटणारा माल यांचा हिशेब घरी बायकोपुढे त्यांनाच मांडावयाचा होता. १९८९ च्या जुलैत टेक्ससच्या बंदरांची तोंडे त्यांनी आपल्या बोटींनी अडविली.

भांडण तेथे थांबले नाही. अशी साधने न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने १९९६ मध्ये नाकारली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. छत्तीसाचा आकडा असलेले भारत आणि पाकिस्तान येथे एका बाकावर बसले, ते एका कासवापायी. १९९८ च्या ऑक्टोबरात अपील मंडळाने निकाल दिला : कासवे वाचविण्यासाठी व्यापारावर बंधन घालणे मुळात गैर नाही, पण अमेरिकेने ते देशादेशांत भेद करून घातले, हे गैर. दोन्ही पक्षांनी आपण जिंकलो असे सांगावे असा तो निकाल होता. २०१९ साली अमेरिकेने आपल्याकडील समुद्रात धरलेली कोळंबी पुन्हा नाकारली. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीस ती अट लागली नाही.

आणि अमेरिकेतल्या त्या झडपेचे काय झाले? पुष्कळ वर्षे पाहणी केल्यावर तेथील अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, की लहान कासवे सुटतात, पण पुरी वाढलेली लॉगरहेड तरीही जाळ्यात मरतात. माप घेताना झडप छोट्या कासवांच्या बेताने कापली होती. मोठ्या लॉगरहेडची पाठ तीतून निघत नव्हती. दोष डोक्याचा नव्हता. २००३ साली नियम बदलून ते तोंड मोठे करावे लागले.